नाताळसाठी आणलेला बैलांचा साज

नाताळच्या सजावटीचं सामान आणायला खानदेशात जा, असा सल्ला शहाणा माणूस कुणाला देणार नाही. मीही देत नाही. मी मात्र डिसेंबरात जळगाव, धुळे आणि भुसावळ असा हिंडलो आणि जे मिळालं ते पोत्यात भरून एसटीतून आणलं. पुण्यातल्या ओळखीच्यांनी फोटो पाहून "हे कुठून मागवलंत?" असं विचारायला सुरुवात केली, म्हणून हे लिहितोय. सामानाची माहिती त्यांना इथे मिळेल. बाकीचंही थोडं ऐकून घ्यावं लागेल, कारण ते वगळून नुसती सामानाची हकिगत सांगणं खोटेपणाचं होईल, आणि खोटेपणा या प्रवासात माझ्याकडून पुरेसा झाला आहे.

माझी थोरली बहीण मालनअक्का भुसावळला राहते. तिचे यजमान, आमचे दाजी, रेल्वेच्या शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर बरीच वर्षं सुखात होते आणि गेल्या उन्हाळ्यात वारले. आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबांनी देव बदलला, पण रीती बदला असं त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्यामुळे घरातलं माणूस गेलं की वर्षभर सण नाही, हे आमच्यातही चालतं. दारावर तारा लागत नाही, करंज्या तळल्या जात नाहीत, शेजारपाजारचे आपल्या घरचं ताट आणून देतात आणि ते मान खाली घालून घ्यायचं. पुण्यात बसून मी या प्रकाराला मागासलेपणा म्हणत आलो आहे. यंदा मात्र तो मागासलेपणा मला फार सोयीचा वाटला. अक्काकडे सण नाही म्हणजे मला भुसावळला जायला नको, असा हिशेब मी करून ठेवला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तो केला होता हे खरं.

मग अक्काचा फोन आला. म्हणाली, "यंदा मला तारा लावायचाय."

तिने पुढचं सगळं आधीच ठरवलेलं होतं. दाजी दरवर्षी घर सजवायचे आणि सगळी कॉलनी बघायला यायची. त्यांची खोकी माळ्यावर तशीच आहेत, पण ती उघडली तर आपण दिवसभर रडत बसू, म्हणून ती नकोत. बाजारातलं प्लास्टिक लावलं तर चर्चमधल्या बायका म्हणतील, माणूस गेला आणि घराची कळा गेली. म्हणून तेही नको. कुणाच्या घरात नसेल असं काहीतरी आण आणि माझ्या पेन्शनीत बसेल असं आण, हा हुकूम. शिवाय येताना धुळ्याला नानांकडे जाऊन ये.

नाना म्हणजे दाजींचे थोरले भाऊ. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्यांचा शब्द चालतो. ते आले नाहीत तर भुसावळची अर्धी मंडळी अक्काच्या उंबऱ्याशी येणार नाही, आणि कुणी येणार नसेल तर तारा लावायचा नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. "रिकाम्या घरावर दिवा लावून मी काय करू?" एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

जळगाव

जळगावात पहाटे थंडी असते आणि दहा वाजता ती संपते. मग लोक स्वेटर कमरेला बांधून उन्हात हिंडतात. अशा हवेत दुकानांच्या काचांवर बर्फ चिकटवलेला होता. शहराच्या चारी बाजूंना शेतांत खरा कापूस फुटलेला, रस्त्याच्या कडेच्या बाभळींना गाड्यांवरून उडालेले पुंजके लटकलेले, आणि काचेवरचा हा बर्फ पॉलिस्टरचा, कुठल्यातरी बंदरावरून आलेला.

एका मोठ्या दुकानाने अख्खा तळमजला नाताळला दिला होता. दारातच माणसाएवढा सांताक्लॉज कंबर हलवत उभा होता आणि त्याच्या पोटातून लग्नाच्या वरातीत वाजतं तसलं गाणं येत होतं. आत प्लास्टिकची झाडं उंचीप्रमाणे रांगेत लावलेली. एका झाडाला मी हात लावला तर पानं हातात आली. तिथल्या विक्रेत्या मुलीने ती माझ्या हातून घेऊन सहजपणे परत खोचली, म्हणजे हे रोजचंच असावं. हे सगळं कोण घेतं, असं मी विचारलं. नर्सरी शाळा घेतात, हॉटेलं घेतात, वाढदिवसवाले घेतात, असं ती म्हणाली.

"आणि ख्रिस्ती लोक?"

तिने जरा विचार केला. "ते भाव विचारून जातात, सर."

मीही भाव विचारला आणि निघालो.

पुढे एका मंगल कार्यालयात हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं. तिथे एका टेबलावर केळीच्या धाग्यांपासून केलेले देवदूत मांडले होते. भुसावळ-रावेरकडे घड काढून झाल्यावर केळीची खोडं बांधावर सडत पडतात, आणि त्यातलंच एखादं सोलून, धुऊन, पंख लावून इथे आलं होतं. त्याच्या किमतीत अर्धी बाग आली असती. देवदूताला चेहरा नव्हता. का नाही, असं विचारल्यावर टेबलामागच्या बाई हळुवार आवाजात म्हणाल्या की चेहरा ज्याचा त्याने मनात बघायचा असतो. मला तर पंख फुटलेली केरसुणी दिसत होती.

आता कबूल करायचं ते असं, की ती केरसुणी मला घ्यावीशी वाटली होती. अक्कासाठी नव्हे. पुण्याच्या घरात दिवाणखान्यात ती शोभली असती आणि आलेल्या पाहुण्यांना मी केळीच्या धाग्यावर दोन वाक्यं ऐकवली असती. मी तिचे फोटोही काढले. बाईंनी मला "काका" म्हटलं, तेव्हा माझा उत्साह गेला. म्हणजे सद्बुद्धी वगैरे काही नाही, नुसता अहंकार दुखावला.

दुपारी शाळेतला मित्र प्रमोद भेटला. तो जळगावातच एका बँकेत आहे. डिसेंबरात खानदेशात दुसरं काहीच होत नाही, भरीत होतं. प्रमोदच्या ऑफिसातल्या लोकांनी शहराबाहेरच्या एका शेतात भरीत पार्टी ठेवली होती आणि मला तिकडे ओढून नेलं. हिरवी, पांढुरकी, हातभर वांगी पऱ्हाट्यांच्या जाळावर टाकलेली होती. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभं राहिलेलं वाळकं झाड. खानदेशात ते उपटून चुलीत घालतात. वांग्यांची सालं काढून लाकडी बडगीत ती मिरच्या-लसणाबरोबर ठेचली, वरून कांद्याची पात, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. पुण्यात भरीत म्हणून जे वाढतात त्याला इथले लोक काय म्हणतील ते लिहिण्यासारखं नाही. मी खूप खाल्लं. बहिणीच्या घरी उन्हाळ्यापासून गोड शिजलेलं नाही, हे आठवूनही खाल्लं.

जेवण झाल्यावर हात धुताना जळणाच्या ढिगाकडे लक्ष गेलं. वरच एक पऱ्हाटी होती, छातीएवढी उंच, फांद्या सगळीकडून सारख्या फुटलेल्या, आणि त्यांच्या टोकांना कापूस काढून घेतलेली रिकामी बोंडं उघडी, टणक, लाकडी फुलांसारखी. दोन-तीन बोंडांत वेचताना राहून गेलेला कापूसही होता. मी ती उचलून बाजूला ठेवली. प्रमोदने विचारलं, काय करतोस? मी म्हटलं, नाताळचं झाड. त्याने सगळ्यांना हाक मारून जमवलं.

"अरे बघा, हा पुण्याहून जळण न्यायला आलाय."

मग सगळ्या बँकेने माझी थट्टा केली. एक जण म्हणाला, पुण्यात गॅस महाग झाला असेल. दुसऱ्याने सुचवलं की जोडीला शेणाच्या गोवऱ्याही न्याव्यात, त्या गोल असतात, झाडाला लटकवायला बऱ्या. मी हसत होतो आणि मनातून चिडलो होतो. तरी पऱ्हाटी सोडली नाही. धुळ्याहून परत येईपर्यंत ती प्रमोदने आपल्या गच्चीवर ठेवून घेतली आणि त्याच्या बायकोने ती जाळू नये म्हणून तिला सुतळीने एक चिठ्ठीही बांधली.

धुळे

जळगाव ते धुळे या रस्त्याबद्दल काही लिहीत नाही. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना खोटं वाटेल.

नाना देवपुरात राहतात. शाळेत मुख्याध्यापक होते आणि अजून आहेत, फक्त शाळा उरलेली नाही. मी पोचलो तेव्हा ते व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पेपर पुरा केला, घडी घातली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"रिकामाच आलास?"

ही धुळ्याची पाहुणचाराची तऱ्हा, असं मी मनात म्हटलं आणि पिशवीतून पुण्याच्या बेकरीतला केकचा डबा काढून दिला. नानांनी डबा हातात घेतला, उलटा करून बघितला आणि नानींकडे दिला. नानी त्यांच्या बायको, स्वभावाने मऊ. त्यांनीही माझ्या पिशवीकडे एकदा बघितलं. चहा झाला. थोड्या वेळाने पुन्हा चहा झाला. इतक्या हावऱ्या नजरेने पिशवीकडे बघणारी माणसं मी पाहिली नव्हती. केक कमी पडला की काय, असं मला वाटलं आणि मनातल्या मनात मी त्या दोघा म्हाताऱ्यांची यथेच्छ टिंगल केली.

शेवटी मी विषय काढला. अक्काची इच्छा आहे, यंदा तारा लावायचा म्हणते, तुम्ही आलात तर बरं होईल. नानांचा चेहरा बंद झाला. म्हणाले, "वर्ष फिरलेलं नाही. असं रिकाम्या हातानं दुःख उठत नसतं." धाकटा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत गेला, मातीला तेच पुढे होते, मंडळी काय म्हणेल, हे सगळं त्यांनी सावकाश ऐकवलं.

मी काय म्हणायला हवं होतं? अक्का तिथे एकटी राहते, ती ज्या खुर्चीवर बसते तिच्यासमोरची खुर्ची रिकामी आहे, एक दिवस घरात माणसं हवीत असं तिला वाटतं, एवढं तरी. मी म्हटलं, "बरोबर आहे, नाना." पुण्यात रूढींवर तावातावाने बोलणारा मी धुळ्याच्या व्हरांड्यात मान डोलवत बसलो, जेवून जा म्हणाले तर जेवलो, आणि नानींच्या हातची डाळ-बट्टी चांगली झाली आहे असंही सांगितलं. ती झालीही होती.

बाहेर पडल्यावर तोंड कडू झालं होतं. काहीतरी केल्याचं समाधान हवं होतं, म्हणून बाजारात शिरलो. जुन्या धुळ्यात एका बोळात दोर, कासरे आणि बैलांच्या साजाचं दुकान दिसलं. पोळा कधीच होऊन गेला होता, त्यामुळे दुकानदार माश्या मारत बसला होता. छताला गोंडे टांगलेले होते, लाल, केशरी, हिरवे, जांभळे, लोकरीचे, नारळाएवढे टपोरे. कवड्या शिवलेल्या पट्ट्या, बैलाच्या कपाळावर बांधायच्या, त्यांत आरशाचे गोल तुकडे. पितळी घुंगरांच्या माळा. भिंतीवर एक झूल, तिच्यावर कापडाचे मोर.

मी तिथे उभाच राहिलो. सकाळपासून, नव्हे पुण्यापासून, मी जे शोधत होतो ते हे, हे कळायला वेळ लागला नाही. कुणाच्या घरात नसेल, प्लास्टिक नसेल आणि हंगाम संपल्यामुळे भाव पडलेला असेल.

दुकानदाराने बसल्या जागेवरून विचारलं, "बैल कितला शेतस तुमना?"

बैल नाहीत म्हटलं. मग ट्रॅक्टर असेल, असं त्याने ठरवलं. आता गोंडे ट्रॅक्टरवालेच जास्त नेतात, बैल उरलेत कुठे, असं तो सांगत होता आणि मला ट्रॅक्टरच्या बोनेटला बांधायचे चकाकते प्लास्टिकचे गोंडे दाखवत होता. मी ते बाजूला सारून लोकरीचेच मागितले. ट्रॅक्टरही नाही, नाताळसाठी घर सजवायचंय, असं सांगितलं. त्याने माझ्याकडे निरखून बघितलं. भाव जरा वर नेला. मी उठलो तसा खाली आणला. तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली, त्यांना दोर हवा होता. त्यांच्यादेखत माझ्या ढिगाकडे बोट दाखवून हा इसम मोठ्याने म्हणाला, "हाऊ बठ्ठा नाताळना माल शे. पुण्याले जाई ऱ्हायना." आणि दोर न्यायला आलेल्या त्या भल्या माणसांनीही एकेक गोंडा हातात घेऊन भाव विचारला. दहा मिनिटांपूर्वी जो माल बैलाच्या गळ्यातला होता तो पुण्याला निघाला म्हटल्यावर किमती झाला. माणसं सगळीकडे सारखीच मूर्ख, त्याबाबतीत जळगावच्या मंगल कार्यालयाने धुळ्याच्या बोळाला नावं ठेवू नयेत.

घुंगरांचं पोतं घेऊन एसटीत बसणं ही वेगळी शिक्षा आहे. प्रत्येक खड्ड्याला पोतं वाजत होतं आणि खड्डा नाही असा रस्ताच नव्हता. पुढच्या सीटवरचे एक आबा सारखे मागे वळून बाकाखाली बघत होते. शेवटी कंडक्टर आला आणि त्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "बैलाचं तिकीट काढलं का, भाऊ?" गाडी हसली. मीही हसलो. पण माझं लक्ष दुसरीकडेच होतं. अक्काला काय सांगायचं, हे मी ठरवत होतो आणि पारोळा येईपर्यंत माझं ठरलंही होतं.

भुसावळ

अक्काच्या कॉलनीत आमच्या लोकांच्या दारांवर तारे लागलेले होते, कागदी, पन्नीचे, दिव्यांच्या माळांचे. तिचंच दार तेवढं मोकळं. तिने दार उघडलं तेव्हा माझ्या एका हातात जळगावहून घेतलेली पऱ्हाटी होती आणि दुसऱ्या हातात पोतं. पऱ्हाटीला वरून खाली बघून ती म्हणाली, "जळण कशाला आणलंस? गॅस आहे की."

पोतं उघडल्यावर मात्र तिने लगेच आत हात घातला. एक गोंडा उचलून तिने गालाला लावून बघितला. मग कवड्यांची पट्टी उलगडली. मग म्हणाली, "हे कुणाकडेच नसेल." एवढी दाद मला आजवर कुणी दिलेली नाही.

जेवताना तिने विचारलं, "नाना काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

इतकं सोपं होतं ते. मी भात पुन्हा मागून घेतला. नाना काही येणार नाहीत, ऐन वेळी तब्येतीचं कारण झालं असं सांगू, मंडळीतले काही येतील काही नाही, तारा तरी लागेल, असं मी ठरवलं होतं. यात अक्काचं भलं आहे असंही स्वतःला पटवलं होतं. खरं तर मला आणखी एकदा धुळ्याला जायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घर सजवलं. ज्यांना कृती हवी आहे त्यांच्यासाठी सांगतो. पऱ्हाटी वाळूच्या बादलीत उभी केली आणि बादलीला झूल गुंडाळली, मोर बाहेर येतील अशी. फांद्यांना छोटे गोंडे बांधले. मोठे गोंडे खिडक्यांच्या पट्ट्यांना, रंग एकाआड एक. कवड्यांच्या पट्ट्या दाराच्या चौकटीवर आडव्या. घुंगरमाळ आतल्या दाराच्या कडीला, म्हणजे कुणी आलं गेलं की वाजते. दिव्यांची माळ लावायची असेल तर साध्या पिवळ्या उजेडाची लावावी, आरशांत ती चांगली दिसते. रंगीबेरंगी लुकलुकणारी लावली की लगेच ट्रॅक्टर होतो. लोकरीला मेणबत्ती लांब ठेवावी. आमचा एक गोंडा जळला आणि घरभर बैलाचा वास सुटला, नवीन असून तो वास त्याच्यात कसा आला ते दुकानदारच जाणे.

शेजारच्या काकू बघून गेल्या. तोंडाने छान म्हणाल्या आणि बाहेर जाऊन पोळा-पोळा असं काहीतरी बोलल्याचं मी ऐकलं. अक्कानेही ऐकलं. ती स्टुलावर चढून दुसरी पट्टी बांधत होती, तिने फक्त गाठ जरा जोरात ओढली. तारा मात्र तिने अजून बाहेर काढला नव्हता. तो लाव म्हटलं तर म्हणाली, नाना येऊ देत.

दुपारी तिने माझ्यादेखत नानांना फोन लावला आणि तो मोठ्या आवाजावर टाकला. मला पळायला जागा नव्हती. ती म्हणाली, "नाना, तुम्ही हो म्हणालात, फार बरं वाटलं. चोवीसला नानींना घेऊन या. वाट बघते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नाना म्हणाले, "सुधीरनं सांगितलं का?"

"हो ना. तो इथेच आहे."

"बरं," नाना म्हणाले. "येतो."

फोन ठेवून अक्का स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "खोटं बोललास की तू भात पुन्हा मागून घेतोस. आईलाही ठाऊक होतं." रागावली नव्हती. तिने रागवावं अशी मी वाट बघत राहिलो, ते तिने केलं नाही.

चोवीस तारखेला तिसऱ्या प्रहरी नाना आणि नानी रिक्षातून उतरले. आत येताना घुंगरं वाजली तसे नाना दचकले. त्यांनी चौकटीकडे बघितलं, खिडक्यांकडे, बादलीतल्या झाडाकडे. खुर्चीत बसल्यावर म्हणाले, "घराचा गोठा केलास."

अक्का म्हणाली, "जन्म कुठे झाला होता, नाना?"

नानी तोंडाला पदर लावून हसल्या. नानाही थोडे हलले, हसले असं म्हणता येणार नाही. मग त्यांनी माझ्याकडे वळून मुख्याध्यापकाच्या आवाजात विचारलं, "हे सगळं ठीक आहे. माहेरचं लुगडं कुठंय?"

"कसलं लुगडं?" मी विचारलं.

"मालन इतक्या धिटाईनं बोलावते, म्हणजे तू नंतर आणलं असशील असं धरून आम्ही आलो."

मग नानींनीच सांगितलं, मला सांगावं लागतंय याचं त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. घरात दुःख असलं की ते बाईच्या भावानं उठवायचं. तो लुगडं घेऊन येतो, तिच्या खांद्यावर घालतो, मग वर्ष फिरलेलं असो नसो, सण करता येतो, आणि त्याला सासरचं कुणी अडवू शकत नाही. धुळ्याला नानांनी मला रिकामाच आलास का म्हणून विचारलं ते याच्यासाठी. पिशवीतून लुगडं निघेल म्हणून त्यांनी चहा दुसऱ्यांदा ठेवला होता. मी केक काढून दिला. आणि वर त्यांच्या नजरेला हावरट म्हटलं.

हे मला माहीत नव्हतं असंही नाही. आमच्या आईसाठी मामा असंच आले होते, ते मी पाहिलं होतं. पण मागासलेपणाच्या यादीत टाकून ते विसरून गेलो होतो. सगळा खानदेश पालथा घालून मी कवड्या आणल्या, घुंगरं आणली, वाळकं झाड आणलं, परवानगी मागत फिरलो, जी मुळात कुणाला मागायचीच नव्हती, आणि ती मिळाली नाही म्हणून खोटं बोललो. जे आणायचा अधिकार फक्त माझा होता ते आणलं नाही.

मी अक्काला म्हटलं, "सांगायचं नाहीस का?"

ती पऱ्हाटीचा एक गोंडा सारखा करत होती. तिने वळूनही बघितलं नाही. "ते काय मागून घ्यायचं असतं?"

मी चपला घातल्या. नाना उठले आणि म्हणाले, मी येतो, तू काय घेशील त्याचा भरवसा नाही. आम्ही दोघे रिक्षाने बाजारात गेलो. दुकानात गादीवर बसल्यावर कापडवाल्याने लग्नाचं का बारशाचं म्हणून विचारलं, मी म्हटलं बहिणीला न्यायचंय. त्याने ढीग टाकला. नानांना एकही पसंत पडेना. हे पातळ आहे, ते धुतल्यावर उरणार नाही, हा रंग चहावाल्याच्या टपरीला शोभेल, हे कुणी नेसतं का. मला त्यांचा राग येत होता आणि ते सोबत आहेत म्हणून बरंही वाटत होतं. मी सवयीने राखाडी, फिकट, विधवेला चालेलसं काढायला लागलो. नानांनी माझ्या हातातून ते काढून बाजूला ठेवलं.

"दुःख उठवायला चाललास का पुन्हा घालायला?"

मग मी केशरी काठांचं गर्द हिरवं लुगडं काढलं. नाना म्हणाले, भडक आहे. जरा वेळाने म्हणाले, घे.

घरी आलो तेव्हा कॉलनीतली माणसं यायला लागली होती. नाना आले आहेत ही बातमी पुढे पोचली होती, नेहमी पोचते तशी. काही बायका दारात थबकून कवड्यांकडे बघत होत्या. नाना उभे राहिले, त्यांनी दाजींचं नाव घेऊन छोटी प्रार्थना केली, त्यात त्यांचा आवाज मध्येच बसला आणि त्यांनी तो खाकरून परत उभा केला. मी अक्काच्या खांद्यावर लुगडं घातलं. ते नीट बसेना, एका बाजूने घसरत होतं, नानींनी हात लावला.

अक्काने पदर हातात धरून उजेडात बघितला. "बैलाच्या झुलीचा रंग आणलास," ती म्हणाली, आणि नेसायला आत गेली.

बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तारा होता, साधा, पांढऱ्या कागदाचा. मी स्टुलावर चढलो. खिळा जुनाच होता. तारा लावला, बटण दाबलं, आणि मागे वाकून बघितलं तर तो एका बाजूला कलला होता. मी परत हात वर केला.

"राहू दे," अक्का खालून म्हणाली. "उतर आता, माणसं खोळंबलीत."